बॅटरी तपासायचे पैसे घ्या

या आठवड्याच्या व्हिडिओत मी काउंटरवर दोन लिपो पॅक ठेवले होते. दोन्ही ३ सेलचे, दोन्ही २२०० एमएएचचे, दोन्ही फुल चार्ज. मीटरवर दोघांचंही व्होल्टेज १२.६. त्यातला एक पॅक विमानात लावायच्या लायकीचा होता आणि दुसरा नव्हता. व्हिडिओ १० मिनिटांचा, त्यात पैशाचा हिशोब नीट मांडता येत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आरसी विमानं, ड्रोन, बॅटऱ्या यांच्या धंद्यात उतरणार असाल, मग ते हॉबी शॉप असो, लग्नाचं ड्रोन शूटिंग असो की शेतातली फवारणी, तर बॅटरीची तब्येत तपासणं हे तुमच्या धंद्यातलं वेगळं काम आहे असं धरा. त्याचा रेट लावा. बिलावर लिहा. फुकट करू नका आणि टाळूही नका. "कस्टमर नाराज होईल" असं म्हणणारे बरेच जण भेटतात. त्यांचा मुद्दा मला मान्य नाही, का ते खाली येईलच.

आधी थोडं टेक्निकल. घाबरू नका, आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकापलीकडे जात नाही.

लिपोचा एक सेल फुल असताना ४.२ व्होल्ट दाखवतो. ३ सेल म्हणजे १२.६. ही झाली टाकीतल्या पाण्याची पातळी. पण टाकीला नळ केवढा आहे हे पातळी बघून कळतं का? आमच्या वाकडच्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वर टाकी भरलेली असते आणि सकाळी सात वाजता शॉवरला धार येत नाही, कारण पाइपात क्षार साचलेला असतो. बॅटरीत असाच साचत जातो तो अंतर्गत रोध, इंटर्नल रेझिस्टन्स. हॉबीवाले त्याला नुसतं आयआर म्हणतात. मोजतात मिलीओहममध्ये.

आता बघा. विमान फुल थ्रॉटलला २५ अँपिअर ओढतंय असं धरू. चांगल्या पॅकचा आयआर सेलमागे ६ मिलीओहम असेल, तर लोडखाली प्रत्येक सेलचं व्होल्टेज ०.१५ ने पडतं. काही बिघडत नाही. जुन्या, मार खाल्लेल्या पॅकचा आयआर ३० मिलीओहम झाला असेल, तर तेच २५ अँपिअर ओढताना प्रत्येक सेल ०.७५ व्होल्टने खाली बसतो. फुल चार्ज असताना सेल ३.४५ वर येतो, म्हणजे टेकऑफ होऊन जातं. खरी गंमत पुढे आहे. पॅक अर्धा संपला की सेलचं निवांत व्होल्टेज ३.८ च्या आसपास असतं. त्यातून ०.७५ वजा करा. ३.०५. बहुतेक ईएससी सेलमागे ३ ते ३.२ व्होल्टला मोटरची पॉवर कापतात. म्हणजे मैदानाच्या पलीकडच्या टोकाला वळण घेताना तुम्ही थ्रॉटल दिला आणि मोटर गप्प. टाकी अर्धी भरलेली असताना.

उष्णतेचाही हिशोब करा. ३० मिलीओहमच्या सेलमध्ये २५ अँपिअर गेले की जवळपास १९ वॉट उष्णता तिथेच तयार होते. ३ सेल मिळून ५६ वॉट. आपण सर्किटला टाका मारतो ती छोटी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. तशा दोन गरम आयर्न तुम्ही थर्माकोलच्या पोटात ठेवून उडवताय. चांगल्या पॅकमध्ये हाच आकडा ११ वॉटच्या आसपास आहे.

विमान आणि ड्रोन यांच्यातला एक फरक इथे लक्षात घ्या, कारण तुमच्यातले निम्मे लोक लग्नाच्या शूटिंगवाले आहेत. विमानाची मोटर कापली तरी ईएससीमधून रिसिव्हरला आणि सर्व्होंना वीज मिळत राहते, पंखही असतात. उंची असेल आणि हाताला सवय असेल तर ग्लाइड करून उतरवता येतं. चार पंख्यांच्या ड्रोनला पंखच नसतात. तो दगडासारखा येतो. खाली हळदीचा मांडव असेल, नवरीच्या मावशीचं डोकं असेल, कुणाचं बाळ असेल. म्हणून ड्रोनवाल्यांनी "आमच्या रिमोटच्या स्क्रीनवर टक्केवारी दिसते की" असं म्हणून मोकळं होऊ नये. कंपनीच्या स्मार्ट बॅटरीत सायकल किती झाल्या, सेल किती व्होल्टवर आहेत हे ॲपमध्ये एक पायरी आत गेलं की दिसतं. ते उघडून बघणारे मला फार कमी भेटलेत. सगळ्यांना टक्के तेवढे पाठ.

पूर्ण खचलेल्या पॅकची गोष्ट अजून वाईट असते. सेल एवढा खाली बसतो की रिसिव्हरच क्षणभर बंद पडतो, मग हातातल्या रिमोटला काहीच अर्थ राहत नाही. त्यामुळे तपासताना रिमोटची बॅटरीसुद्धा तपासा आणि फेलसेफ लावलाय का बघा. हे वाक्य छोटं आहे म्हणून सोडून देऊ नका.

मग तपासायचं कसं? मी दुकानात जे करतो ते सांगतो. याला फार मोठं मशिन लागत नाही. आयआर दाखवणारा, बॅलन्स करणारा बऱ्यापैकी चार्जर, खिशात मावणारा सेल चेकर, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि आपलं नाक.

हो, नाक. पॅक हातात घेतला की आधी वास घ्यायचा. गोडसर, नेलपॉलिशसारखा वास आला तर सेल कुठेतरी फुटलाय, पुढचं काही तपासायचंच नाही, सरळ बाहेर न्यायचा. मग सपाट टेबलावर ठेवून बघायचं, डुगडुगतोय का. डुगडुगला म्हणजे फुगलाय. कोपऱ्याला चेंगरलेलं आहे का, वायर कनेक्टरपाशी काळी पडलीये का, बॅलन्स लीडची कुठली तार सोलली गेलीये का. एवढ्या एका मिनिटात वाईट पॅकपैकी बरेचसे बाजूला निघतात.

मग फुल चार्जवर तिन्ही सेल वेगवेगळे मोजायचे. ४.२०, ४.२०, ४.१९ ठीक. ४.२०, ४.१९, ४.०८ आलं तर तो तिसरा सेल आजारी आहे, आणि पॅक नेहमी सर्वात कमजोर सेलच्या ताकदीनेच चालतो. एकूण व्होल्टेज १२.४७ दिसतं आणि माणूस म्हणतो, "जवळजवळ फुल आहे ना!" म्हणून नुसत्या दोन वायरीच्या मीटरवर विश्वास ठेवायचा नाही.

मग आयआर. इथे एक बारकी गोष्ट आहे, ती यूट्यूबवरच्या बऱ्याच व्हिडिओंत सांगितली जात नाही. दोन वेगळ्या चार्जरवर एकाच पॅकचा आयआर वेगळा येतो. थंडीत जास्त येतो, उन्हात कमी येतो. डिसेंबरात सकाळी साडेसहाला मावळात उघड्या रानात उडवायला गेलात तर चांगला पॅकसुद्धा आजारी दिसेल. त्यामुळे एकच आकडा बघून निकाल देता येत नाही. त्याच चार्जरवर, साधारण त्याच तापमानाला, फुल चार्ज करून मोजायचा आणि लिहून ठेवायचा. तीन महिन्यांनी परत मोजायचा. ८ चा ११ झाला तर चालतंय. ८ चा २४ झाला तर त्या पॅकने राजीनामा दिलाय. आणि तीन सेलपैकी एकाचाच आकडा उडी मारून गेला असेल तर तेही तितकंच वाईट.

शेवटी लोड टेस्ट. विमान घट्ट धरून किंवा बांधून, प्रॉपेलरसमोर कुणी नाही हे बघून, १५ ते २० सेकंद फुल थ्रॉटल. त्या वेळात सेलचं व्होल्टेज वाचायचं. फुल चार्ज पॅकचा एखादा सेल ३.५ च्या खाली गेला तर मी तो पॅक उडवू देत नाही. ही माझ्या दुकानातली रेघ आहे, शास्त्रात कोरलेली नाही. तुम्ही ३.६ ठेवा, अजून चांगलं.

पॅकची खरी क्षमता काढायची तर वेळ लागतो. पूर्ण चार्ज करून चार्जरनेच डिस्चार्ज करायचा आणि किती एमएएच निघाले ते बघायचं. साधे चार्जर ५ ते १० वॉटनेच डिस्चार्ज करतात. ३ सेलच्या २२०० मध्ये २४ वॉट-तास असतात. म्हणजे १० वॉटने अडीच तास, ५ वॉटने पाच. २२०० च्या पॅकमधून १७५० च्या आत निघाले, म्हणजे लेबलच्या ८० टक्क्यांखाली गेला, तर मी त्याला उडवण्याच्या कामातून काढतो. तो टेबलवर एलईडी लावायला, सर्व्हो टेस्ट करायला चालतो. अट एकच, फुगलेला नको.

काटा कशाला ते राहिलं. नवीन माल घेताना वजन करा. चांगला २२०० चा ३ सेल पॅक साधारण १७० ते १९० ग्रॅम भरतो. लेबलवर २२०० आणि वजन १३० असेल तर आतला माल कुठे गेला हे सप्लायरला विचारा. लिथियमची क्षमता वजनात असते, स्टिकरवर काहीही छापता येतं. लेबलवरच्या सी रेटिंगबद्दल तर न बोललेलं बरं. २५ सी म्हणजे २२०० चा पॅक ५५ अँपिअर देऊ शकतो असा त्याचा अर्थ. बाजारात १०० सी छापलेले पॅक मिळतात. आयआर मोजा, मग कळतं ते १०० कुठून आले.

आता धंद्याकडे येऊ.

आम्हाला बीबीएला इन्व्हेंटरी शिकवताना फिफो शिकवलं होतं. आधी आलेला माल आधी विका. खिळे-मोळे, वह्या, टी-शर्ट, ठीक आहे. पण बॅटरी हा दुकानात पडल्या पडल्या म्हातारा होणारा माल आहे. तिला दूध समजा, लोखंड समजू नका. चीनमधून बोटीने येताना, गोदामात, तुमच्या शेल्फवर, तिचं आयुष्य चालूच असतं. फुल चार्ज करून ठेवली तर लवकर संपतं, रिकामी ठेवली तर त्याहून लवकर. सेलमागे ३.८ ते ३.८५ व्होल्टवर, थंड जागेत ठेवायची, याला स्टोरेज व्होल्टेज म्हणतात. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली दुकान असेल तर दुपारी आत काय तापमान असतं ते तुम्हीच मोजून बघा. मी माल आला की बॉक्स उघडून प्रत्येक पॅकचे सेल मोजतो. सेलांमध्ये ०.०३ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल किंवा कुठला सेल ३.५ च्या खाली असेल तर तो पॅक सप्लायरला परत. पहिल्यांदा सप्लायर वैतागतो. तिसऱ्यांदा तो आपल्याला चांगलाच माल पाठवतो आणि बाकीचा दुसऱ्या कुणाला तरी. तो "दुसरा कुणीतरी" म्हणजे न मोजणारा दुकानदार.

आणि आयएस १६०४६ या मानकाखालची बीआयएस नोंदणी आहे का ते विचारा. विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बघा. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

आता रेटचा मुद्दा. आपण वाकडमध्ये बसून पुण्याच्या तपकीर गल्लीशी भावात भिडू शकत नाही. ऑनलाइनशी तर नाहीच. २२०० चा पॅक दीड ते अडीच हजाराला जातो, त्यात आपलं मार्जिन किती राहतं हे दुकानवाल्यांना ठाऊक आहे. मग हिंजवडीतून सुटलेला आयटीवाला शनिवारी मुलाला घेऊन भुमकर चौकाच्या ट्रॅफिकमधून तुमच्याकडे का येईल? ऑनलाइन जे मिळत नाही ते तुमच्याकडे असेल तरच. तपासणी ऑनलाइन मिळत नाही.

मी घेतो ते रेट सांगतो. सेल, आयआर आणि नजरेची तपासणी, पाच मिनिटं, ४० रुपये. क्षमता चाचणीसह पूर्ण रिपोर्ट, २०० रुपये, पॅक सकाळी द्या संध्याकाळी न्या. आमच्याकडून घेतलेल्या पॅकची पहिली दोन तपासण्या बिलातच आलेल्या असतात, म्हणजे त्याही फुकट नाहीत. पॅकवर पांढरा स्टिकर लागतो: तारीख, तीन सेलचे आकडे, सही. तेच रजिस्टरला.

यावर मला नेहमी ऐकायला मिळतं, "सर, ४० रुपयांनी काय होणार? फुकट करा, गुडविल वाढेल." अहो, गुडविल वाढत नाही. फुकट तपासणी म्हणजे दुकानातला पोरगा मीटर लावतो, "ओके आहे काका" म्हणतो आणि फोनकडे वळतो. नोंद नाही, सही नाही, जबाबदारी नाही. पैसे घेतले की तुम्हाला नोंद ठेवावीच लागते, कारण समोरचा रिपोर्ट मागतो. आणि समोरचाही रिपोर्ट वाचतो, कारण त्याने पैसे दिलेत. ४० रुपये कमाईसाठी नाहीतच. शनिवार-रविवार मिळून २० पॅक आले तरी ८०० रुपये, त्यात पोराचा पगारही निघत नाही. पण त्या वीसपैकी चार-पाच पॅक बाद निघतात आणि त्या माणसांना नवे पॅक लागतात.

इथेच खरी परीक्षा आहे. तपासणारा आणि विकणारा एकच माणूस असला की मोह होतो. पॅक बरा आहे, पण "आता बदला साहेब" म्हटलं की दोन हजाराची विक्री. गॅरेजवाल्यांबद्दल लोक हेच बोलतात ना? म्हणून आकडे कस्टमरसमोर मोजायचे, स्क्रीन त्याच्याकडे फिरवून. "तुमचा पॅक ठीक आहे, सहा महिने तरी बघायला नको, घरी जा" हे वाक्य जो दुकानदार बोलू शकतो, त्याचं पुढचं "हा पॅक उडवू नका" कस्टमर ऐकतो. माझ्याकडे कॉलेजच्या एरोमॉडेलिंग टीमची पोरं येतात. त्यांच्या बजेटमध्ये एक पॅक म्हणजे मोठी गोष्ट असते. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात चार पॅक घेऊन येतात आणि "सर, चारही चालतील असं सांगा" म्हणून बघत राहतात. मी चारही चालतील असं सांगत नाही. दोन चालणार असतील तर दोनच.

कस्टमरला खर्च पटवायचा तर भागाकार करून दाखवा. दोन हजाराचा पॅक नीट वापरला आणि १५० वेळा उडवला तर एका फ्लाइटला १३ रुपये पडले. दरवेळी तळापर्यंत रिकामा केला, गरम असतानाच परत चार्जिंगला लावला, रात्रभर फुल ठेवला आणि ५० फ्लाइटमध्ये गेला, तर ४० रुपये. फरक २७ रुपयांचा, दर फ्लाइटला. ४० रुपयांची तपासणी महाग वाटणाऱ्याला हा कागद दाखवायचा. फ्लाइटनंतर चार्जरने किती एमएएच परत भरले तेही बघायला शिकवा. २२०० मध्ये १७५० भरले म्हणजे ८० टक्के वापरले, तिथेच थांबायचं. टायमर एक मिनिट कमी करा, पॅक वर्षभर जास्त जगेल.

आता ज्याच्यावर कुणाला बोलायला आवडत नाही त्याबद्दल. आग.

२६ मार्च २०२२ ला आपल्या पुण्यात, लोहगाव भागात, रस्त्याच्या कडेला उभी असलेली ओलाची एस१ प्रो स्कूटर पेटली. तो व्हिडिओ देशभर फिरला. पुढच्या महिन्यात कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. त्याच एप्रिलमध्ये ओकिनावाने ३,२१५ स्कूटर बोलावल्या, त्याही बॅटरीच्या तपासणीसाठीच. मग सरकारने एआयएस १५६ चे नियम कडक केले, पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. त्याच्या आधी, जानेवारी २०१३ मध्ये, बोइंग ७८७ ची विमानं बॅटरीमुळेच जगभर जमिनीवर बसवली होती, एअर इंडियाची सहाही त्यात होती. एवढ्या मोठ्या कंपन्या, एवढे इंजिनिअर. तुमच्या-माझ्या दुकानात बॅटरीवर लक्ष ठेवायला ना तसं बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम असते, ना धातूची पेटी. हॉबीच्या लिपोला तर साधं प्रोटेक्शन सर्किटही बहुतेक वेळा नसतं, वजन वाचवायला काढलेलं असतं. तिथे लक्ष ठेवणारी सिस्टिम म्हणजे तुम्ही.

३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे चिखलीच्या पूर्णानगरमध्ये एका हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली आणि आतच झोपलेल्या एका कुटुंबातले चौघे गेले. आई-वडील आणि दोन मुलं. मी ती घटना बॅटरीशी जोडत नाहीये. मी सांगतोय ती दुकानाची रचना, कारण आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये शेकडो दुकानं तशीच आहेत. खाली दुकान, वर माळा, माळ्यावर घर किंवा कामगार झोपलेले, एकच शटर, आणि रात्री ते आतून ओढून घेतलेलं. अशा दुकानात रात्रभर लिपो चार्जिंगला लावून वर झोपायला जाणारे लोक मला माहीत आहेत. कारण विचाराल तर "दिवसा वेळ मिळत नाही." किंवा गुरुवार असतो, मेंटेनन्सची लाइट गेलेली असते, रात्री आली की सगळं एकदम लावतात.

तुमचं दुकान तसं असेल तर बॅटरी चार्जिंगची सेवा सुरू करू नका. विक्री करा, पॅक स्टोरेज व्होल्टेजवर ठेवा, पण चार्जिंग नको. माझं हे मत काही विद्यार्थ्यांना जड वाटतं. तरी ते तसंच आहे. चार्जिंग जागेपणी, समोर बसून, दारापासून आणि जिन्यापासून लांब, खाली फरशी किंवा वीट, बाजूला कोरड्या वाळूची बादली. २२०० चा पॅक २.२ अँपिअरलाच चार्ज करायचा, घाई करायची नाही. भिंतीवरचा पावडरचा सिलिंडर ज्वाळा दाबेल, आजूबाजूचं सामान वाचवेल, पण सेलच्या आत सुरू झालेली प्रक्रिया थांबवणार नाही. ती दाबल्यावर परत पेटू शकते. धूर विषारी असतो. पॅक पेटला तर पहिलं काम माणसं बाहेर काढणं आणि १०१ ला फोन. आणि दुकानाचा फायर इन्शुरन्स घेताना लिथियम बॅटऱ्यांचा साठा आणि चार्जिंग होतं हे लिहून द्या. ते लपवून वाचवलेला प्रीमियम क्लेमच्या दिवशी फार महाग पडतो.

ड्रोनवाल्यांसाठी कायद्याचं थोडक्यात. ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो. त्याच्या वर २ किलोपर्यंतचा मायक्रो, आणि तो धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. नॅनो सोडून बाकी सगळ्यांना थर्ड पार्टी इन्शुरन्स लागतो. आपल्या बाजूला लोहगाव, देहूरोड, खडकी असल्यामुळे डिजिटल स्कायचा नकाशा बघितल्याशिवाय कुठेच उडवू नका. हे सगळं पाळलंत आणि ड्रोन खाली पडला, तर पहिला प्रश्न येणार, बॅटरीची स्थिती काय होती? रजिस्टर दाखवता आलं तर तुम्ही काळजी घेणारे धंदेवाले. नाही दाखवता आलं तर तुमच्याकडे फक्त तोंडी शब्द.

संधी कुठे आहे असंही विचारता, तर शहराबाहेर बघा. नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरातल्या १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचं ठरलं, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत. त्या पॅकेजमध्ये जादा बॅटरी संच आहेत, कारण फवारणीचा ड्रोन एका बॅटरीवर काही मिनिटंच उडतो. विचार करा, एकेका गटाकडे बॅटऱ्यांचे चार-पाच मोठे संच, दिवसभर उन्हात चार्ज-डिस्चार्ज, गरम असतानाच परत चार्जिंग. एक-दोन हंगामांनी त्यांची तब्येत कोण तपासणार? खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूर पट्ट्यात फिरून हे काम करणारा मुलगा किंवा मुलगी मला हवी आहे, म्हणजे त्या भागाला हवी आहे. भांडवल म्हणाल तर मोठ्या पॅकला चालणारा चांगला चार्जर, मीटर, इन्फ्रारेड थर्मामीटर, टू-व्हीलर. आणि लिहायची सवय. या पॅकची किंमत हॉबीच्या पॅकच्या कित्येक पट असते, त्यामुळे तपासणीचा रेटही तसा लावता येतो. फक्त सुरुवातीला मोठ्या पॅकच्या उघड्या टर्मिनलला हात लावायचं एखाद्या जाणकाराकडे शिकून घ्या. ते व्हिडिओ बघून शिकायचं काम नाही, माझे व्हिडिओ धरून.

राहिले बाद पॅक. ४० रुपयांत तुम्ही पॅक बाद ठरवला, आता तो कस्टमर काय करणार? घरी नेऊन ड्रॉवरमध्ये टाकेल, नाहीतर सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात. म्हणून बाद पॅक मी परत ठेवून घेतो, नव्या पॅकवर ५० रुपये कमी करतो. बाहेर मोकळ्या जागेत १२ व्होल्टचा गाडीचा बल्ब लावून तो पूर्ण रिकामा करायचा, बल्ब विझल्यावरही काही तास तसाच ठेवायचा, मग वायरी एकेक करून कापायच्या आणि टोकांना टेप. फुगलेला किंवा फुटलेला असेल तर बल्बचा प्रयोगही नाही, तो वाळूच्या डब्यात. साठले की नोंदणी असलेल्या रिसायकलरला. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्स २०२२ मध्ये आले, त्याप्रमाणे बॅटरी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवर ती परत गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी आहे, त्यामुळे तुमच्या सप्लायरलाच आधी विचारा, तो नेतो का. घंटागाडीत टाकायचा नाही म्हणजे नाही. त्या गाडीत कचरा दाबला जातो, दबलेली लिपो पेटते, आणि मागे पायरीवर उभा असलेला माणूस महापालिकेच्या ठेकेदाराकडे रोजाने काम करतो.

रजिस्टरचा नमुना, रकाने आखलेला, व्हिडिओच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाकलाय. प्रिंट काढताना ए४ आडवा ठेवा, नाहीतर सहीचा रकाना कापला जातो.